जुना बाजार कसा पाहावा

पुण्याच्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी एक वृद्ध गृहस्थ गोणपाटावर फक्त किल्ल्या मांडून बसत असत. कपाटाच्या, तिजोरीच्या, सायकलच्या, ट्रंकेच्या आणि वाड्याच्या दिंडी दरवाजाच्या वीतभर लांबीच्या, अशा शेकडो किल्ल्या त्यांच्यापुढे असत. कुलूप मात्र एकही नसे. कुलपाविना किल्ली कोण विकत घेणार, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि ते म्हणाले, "कुलपं पलीकडच्या रांगेत आहेत. लावून बघा की. वेळ आहे ना?"

तेवढा वेळ आपल्याकडे नसेल, तर जुन्या बाजाराच्या वाटेला न गेलेले बरे. तिथे मिळणाऱ्या बहुतेक कामाच्या वस्तू दुकानात नव्या आणि हमीसकट मिळतात. वेळ असेल, तर मात्र हा बाजार पाहण्याची एक पद्धत आहे आणि ती वस्तूंपासून नव्हे, तर त्या मांडून बसलेल्या माणसांपासून सुरू होते, असे माझे अनेक रविवार खर्ची घातल्यानंतरचे मत आहे. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने पुण्याच्या जुन्या बाजाराविषयी आहे. मुंबईच्या चोर बाजाराचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे.

वार, वेळ आणि पिशवी

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत, जुना बाजार चौकाच्या परिसरात बुधवारी आणि रविवारी भरतो. मेट्रोचे मंगळवार पेठ स्थानक जवळ असल्यामुळे दुचाकी कुठे लावावी ही चिंता आता करण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईचा चोर बाजार भेंडी बाजाराला लागून असलेल्या मटण स्ट्रीटवर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत आहे. तेथील दुकाने शुक्रवारी बंद असतात, परंतु त्याच दिवशी पहाटे त्या परिसरात पथारीवाल्यांचा जुम्मा बाजार भरतो. दुकानांत जुने फर्निचर, दिवे आणि चित्रपटांची पोस्टरे पाहायची असतील तर इतर वारी जावे, आणि अजून कुणी नीट न्याहाळलेला ढिगातला माल चिवडायचा असेल तर शुक्रवारी भल्या पहाटे.

वेळेचा हिशेब सरळ आहे. सकाळी लवकर येणाऱ्या गिऱ्हाइकांत व्यापारीच पुष्कळ असतात आणि चांगली वस्तू गोणीतून जमिनीवर येण्याआधीच एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे गेलेली असते. ती पाहायची असेल, तर मांडामांड सुरू असतानाच पोहोचावे. उलट, भाव पाडून हवा असेल आणि निवड कमी झालेली चालणार असेल, तर माल पुन्हा गोणीत भरण्याची वेळ गाठावी, कारण जड वस्तू परत उचलून नेण्यापेक्षा ती देऊन टाकणे पथारीवाल्याला अधिक सोयीचे असते. पावसाळ्यात बाजार विस्कळीत भरतो आणि कागदी वस्तू बाहेरच येत नाहीत.

बरोबर दहा, वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा असाव्यात. पथारीवर आता क्यूआर कोडचे फलक दिसत असले, तरी पाचशेची नोट पुढे करून "सुटे द्या" म्हणणाऱ्याला घासाघीस करण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. एक लहान भिंग, एक लोहचुंबक, खिशात मावणारा वजनकाटा आणि एक बारीक टॉर्च एवढी सामग्री पुरते. जुन्या वर्तमानपत्रांची घडी मात्र आठवणीने घ्यावी, कारण काचेची चिमणी विकणारा ती गुंडाळायला कागद देईलच असे नाही.

माणसे ओळखण्याची फेरी

पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नये, एवढेच नव्हे तर भावही विचारू नये. या फेरीत पाहायचे असते ते मालाच्या मांडणीकडे. ज्या पथारीवर तुटका पंखा, बाहुली, स्टोव्ह, दाढीची पेटी आणि शाळेतले पदक एकाच ढिगात पडलेले असते, त्या विक्रेत्याने बहुधा कुणाच्या तरी घरातला लॉट उचलून आणलेला असतो. पेठांमधले जुने वाडे पाडले गेले, माणसे फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि कडी-कोयंडे, कोरीव तुळया, फडताळे व माळ्यावरच्या ट्रंका भंगारवाल्याच्या गाडीवर चढल्या, त्यांतल्या बऱ्याच वस्तूंचा प्रवास अशा ढिगांपर्यंत झालेला आहे. ढिगाचा मालक प्रत्येक वस्तूचा वेगळा विचार करत नाही. त्याला गाडीभाडे आणि लॉटची किंमत वसूल करून घरी जायचे असते. त्याच्याकडे चांगली वस्तू स्वस्तात मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक, आणि वस्तूविषयी काही माहिती मिळण्याची सर्वांत कमी.

याच्या अगदी उलट एकाच जिन्नसाचा माणूस असतो. तो फक्त घड्याळे, फक्त नाणी, फक्त कॅमेरे किंवा फक्त हत्यारे विकतो, वस्तू रांगेत लावतो, आणि आपण त्यांतली कुठली आधी उचलतो यावरून आपली यत्ता ठरवतो. त्याच्यापुढे जाणकारीचा आव आणण्यात अर्थ नसतो. एका घड्याळवाल्या चाचांपुढे मी एकदा "हे स्विस दिसतंय" असे बोलून गेलो, तर त्यांनी काही न बोलता मागचे झाकण उघडून यंत्र माझ्या नाकासमोर धरले आणि पुढची दहा मिनिटे दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. ते यंत्र भारतीय होते. तेव्हापासून मी अशा ठिकाणी "यातलं मला काही कळत नाही, जरा दाखवता का?" असेच म्हणतो, आणि त्या एका वाक्याने जेवढे शिकायला मिळाले तेवढे कुठल्याही सूचिपत्रातून मिळालेले नाही.

तिसरा असतो तो गोष्टी सांगणारा. त्याच्याकडची प्रत्येक सुरई कुठल्या तरी संस्थानातून आलेली असते, प्रत्येक तलवार कुणा सरदाराची असते, आणि दर रविवारी ते संस्थान बदलते. अशा माणसाला खोटे पाडू नये. तो फसवतो असेही मी सरसकट म्हणणार नाही, कारण त्याला स्वतःला ती गोष्ट मनापासून आवडलेली असते. ती पूर्ण ऐकावी, दाद द्यावी, आणि भाव ठरवताना फक्त हातातल्या पितळेचे वजन लक्षात ठेवावे. चोर बाजाराच्या नावाबद्दलही अशीच एक गोष्ट ऐकवली जाते: मूळ नाव गोंगाटावरून पडलेले "शोर बाजार" होते आणि साहेबाच्या उच्चारात त्याचे "चोर" झाले. तिथे चहा पिताना ही गोष्ट मला तीन जणांनी, तीन वेगवेगळ्या साहेबांची नावे घेऊन सांगितली आहे.

चौथा प्रकार सर्वांत गमतीचा, तो म्हणजे विकण्याची इच्छाच नसलेला विक्रेता. त्याच्या पथारीवर एक वस्तू अशी असते की तिच्याकडे नजर जाताच तो ती हळूच मागे सरकवतो. भाव विचारला, तर आकडा असा सांगतो की दोघांनाही हसू यावे. ही माणसे स्वतःच संग्राहक असतात. बाजारात येणे हे त्यांच्यासाठी उत्पन्नापेक्षा सोबतीचे साधन असते. त्यांच्याकडून ती एक वस्तू मिळवण्याच्या खटपटीत पडू नये. तिच्याविषयी विचारावे, ती हातात घेऊन पाहण्याची परवानगी मागावी आणि नीट परत ठेवावी. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो पिशवीतून दुसरेच काही तरी काढून दाखवतो, आणि ते विकायचे असते.

जुन्या भांड्यांच्या आणि कपड्यांच्या ढिगांमागे बसलेल्या मावश्यांविषयी एवढेच सांगतो की त्यांचे तोंडी हिशेब आपल्या मोबाइलपेक्षा जलद असतात. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीशी ज्यांच्या आईने उंबऱ्यात तासतासभर वाद घातला आहे, त्यांना इथे वेगळे प्रशिक्षण लागणार नाही.

सौदा

विक्रेता जमिनीवर बसलेला असताना आपण उभे राहून, वरून बोट दाखवत "हे केवढ्याला?" असे विचारणे ही सौदा बिघडवण्याची हमखास रीत आहे. उकिडवे बसावे. त्यामुळे आपण त्याच्या बरोबरीला येतो, वस्तू नीट दिसते, आणि गर्दीत मागून रेटणाऱ्यांचा त्रासही वाचतो. वस्तू उचलण्यापूर्वी "बघू का?" म्हणावे आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे, बाजारात अनेकांना कॅमेऱ्याची चीड असते आणि ती असण्याचा त्यांना अधिकार आहे.

भाव विचारणे म्हणजे घेण्याचा विचार असणे, हा इथला अलिखित शिष्टाचार आहे. त्याहून कडक नियम असा की आपण बोललेला आकडा विक्रेत्याने मान्य केला, तर वस्तू घेतलीच पाहिजे. "बघून येतो" म्हणून निघून जाणारा माणूस पुढच्या रविवारीही लक्षात राहतो. सकाळच्या पहिल्या विक्रीला, म्हणजे भवानीला, हा नियम विशेष जपावा. भवानीच्या वेळी विक्रेते गिऱ्हाईक रिकामे जाऊ देत नाहीत आणि त्यासाठी थोडे खाली येतात. परंतु त्या श्रद्धेचा फायदा उठवून भाव अगदीच पाडणे मला व्यक्तिशः पसंत नाही.

किती कमी करून मागावे, याचे एक सूत्र नाही. "निम्म्यापासून सुरुवात करा" हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो निम्म्या वेळा चुकीचा असतो. ढिगवाल्याने सांगितलेला भाव मुळातच कमी असतो, तिथे वीस रुपयांसाठी हुज्जत घालणे हास्यास्पद दिसते. गोष्टी सांगणाऱ्याचा भाव मात्र एक तृतीयांशावरही येऊ शकतो. एकाच जिन्नसाच्या माणसाकडे भाव फारसा हलत नाही, पण दोन वस्तू घेतल्यास तिसरी लहानशी वस्तू वर मिळते. मालाला नावे ठेवून भाव उतरवण्याची युक्ती टाळावी. "डाग पडलाय, मोडलंय" असे म्हणताच सरळ उत्तर येते, "मग घेऊ नका." त्यापेक्षा आपल्याला परवडणारा आकडा शांतपणे सांगून गप्प राहावे. मुंबईत सौदा हिंदीत होतो आणि "देने का भाव बोलो" एवढे वाक्य पुरते. पुण्यात मात्र काका, मामा, ताई, मावशी या हाका भावापेक्षा आधी याव्या लागतात.

भांड्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न असावा, "वजनावर की नगावर?" तांब्या-पितळेचा माल वजनावर विकणारा विक्रेता घडणावळीची वेगळी किंमत धरत नाही, म्हणून नक्षीचा तांब्या, फिरकीचा गडू किंवा कडीचे लहान घंगाळ अशा ठिकाणी घ्यावे, साधी परात मात्र नगावर घेतलेली स्वस्त पडू शकते.

काय पारखावे आणि कसे

नाण्यांनी सुरुवात करतो, कारण नवशिक्या माणूस सर्वांत आधी तिथेच थांबतो आणि तिथेच फसतो. राणीच्या आणि राजांच्या छापाचा चांदीचा रुपया हा मुळात एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला होता. खिशातल्या काट्यावर तो साडेदहा भरला, तर झीज एवढी होत नाही हे ध्यानात घ्यावे. १९४० पासून त्यातली चांदी निम्म्यावर आली आणि स्वातंत्र्याच्या सुमाराचा वाघाच्या छापाचा रुपया तर निकेलचा आहे. त्यामुळे चुंबकाला चिकटणारा व्हिक्टोरियाचा रुपया बनावट ठरतो, परंतु चुंबकाला चिकटणारा १९४७ चा रुपया अगदी खरा असू शकतो. हे माहीत नसल्यामुळे मी एका विक्रेत्यावर उगाच डोळे वटारले होते आणि त्याने मला चारचौघांत शाळा घेऊन सोडले. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत "क्वीन" आणि १८७७ पासून "एम्प्रेस" असे इंग्रजीत लिहिलेले असते. साल आणि बिरुद जुळत नसेल, तर नाणे परत ठेवावे.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाची कथा मात्र खरी आहे. त्यावर राजाच्या अंगरख्यावरील पदकात कोरलेला लहानसा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड-कान स्पष्ट करून नवा छाप काढण्यात आला. जुनी नाणी पुष्कळशी परत घेऊन वितळवली गेल्यामुळे १९११ चा रुपया दुर्मिळ आहे. म्हणूनच सालाच्या शेवटच्या आकड्यावर कुणी कोरणी चालवली आहे का, हे भिंगातून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

महाराष्ट्रातल्या माणसाला शिवराईचे आकर्षण स्वाभाविकपणे अधिक असते. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे आजही पथारीवर सहज दिसते. ते महाराजांच्या काळातले आहे असे प्रत्येक विक्रेता सांगतो, परंतु शिवराई पुढे पेशवाईतही दीर्घकाळ पाडली जात होती आणि बाजारातल्या बहुतेक शिवराया त्या नंतरच्या काळातल्या असतात. तरीही पेशवाईतली शिवराई शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास मिळत असेल, तर ती घेऊ नये असे मी म्हणणार नाही. सोन्याचा शिवकालीन होन पथारीवर दिसला, तर तो हातात घेऊन हसून परत द्यावा. आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हे साल आणि रामदरबार किंवा हनुमान असे नाणे कुणी दाखवले, तर ते कंपनीने कधीही काढलेले नव्हते, हे पक्के समजावे. तांदूळ ओढून घेणारे "चमत्कारी" नाणे म्हणून अशाच वस्तूंच्या आधारे लोकांना लाखो रुपयांना बुडवण्याचे प्रकार घडलेले आहेत.

ग्रामोफोनचा चकचकीत पितळी कर्णा पाहून अनेकांचा तोल जातो. सांगायला वाईट वाटते, पण कुत्र्याचे चित्र डकवलेली आणि कोरीव अष्टकोनी पेटीवर बसवलेली अशी यंत्रे बहुतांशी नव्याने जुळवलेली असतात: कर्णा नवा, पेटी नवी आणि आतले चावीचे यंत्र एखाद्या जुन्या सुटकेसवजा ग्रामोफोनमधून काढलेले. स्क्रू पाहावेत. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे "१९१० चे" म्हणून दाखवलेल्या यंत्रात ते असतील तर उत्तर मिळाले. शोभेची वस्तू म्हणून तिच्या किमतीत घ्यायला हरकत नाही. पणजोबांच्या काळची म्हणून घेऊ नये. जुनी सुटकेसवजा यंत्रे दिसायला साधी असली, तरी खरी असण्याची शक्यता अधिक असते.

त्या मानाने तबकड्यांमध्ये फसवणूक कमी आणि आनंद पुष्कळ. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेपासून बनत, म्हणून त्या जड आणि ठिसूळ असतात. भारतातले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ साली कोलकात्यात झाले, परंतु तबकड्या जर्मनीतल्या हानोफर येथे छापून येत. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू झाल्यावर ती सव्यापसव्य थांबली. सुरुवातीच्या काही तबकड्यांच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येते. तबकडी उजेडात तिरपी धरावी. काळी चकाकी राहिली असेल तर आवाज राहिलेला असतो, राखाडी पडली असेल तर सुईने तो खरवडून नेलेला असतो. कडेला बोट फिरवून केसाएवढी चीर तपासावी. घरी ती स्पिरिटने पुसू नये, कारण त्यात लाख विरघळते. ओलसर मऊ कापड पुरते. नाट्यसंगीताच्या तबकड्या अजूनही अधूनमधून हाती लागतात आणि त्या मिळाल्या की मी भिंग काढायचे विसरतो.

हातातल्या घड्याळांविषयी थोडक्यात. एचएमटीने १९६१ पासून सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने केलेली चावीची घड्याळे दणकट आहेत, दुरुस्त होतात आणि त्यांवरील देवनागरी अक्षरे फार देखणी असतात. मात्र गडद निळ्या, केशरी किंवा पोपटी रंगाची तबकडी असलेले झगझगीत "जुने" घड्याळ दिसले, तर तबकडी अलीकडे रंगवलेली आहे असे समजावे. भिंगातून अक्षरांच्या कडा पसरट दिसतात आणि तासांच्या खुणा किंचित सरकलेल्या असतात. संग्राहकांमध्ये अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

भांड्यांमध्ये मला नाव घातलेली भांडी सर्वांत प्रिय आहेत. तांब्याच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले "चि. सौ. कां." पासून सुरू होणारे नाव, गाव आणि साल वाचताना आपण कुणाच्या तरी रुखवतात डोकावल्यासारखे वाटते. साल शके असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८६० म्हणजे साधारण १९३८. विक्रेते असे नाव घासून टाकतात आणि मग भांडे "स्वच्छ" म्हणून विकतात, यासारखा दुसरा करंटेपणा नाही. भांडे वापरायचे असेल, तर आत कल्हई आहे का ते पाहावे. आत तांबूस डाग दिसत असतील, तर ती गेलेली आहे, आणि कल्हईवाला शोधून कथील व नवसागराचा हात फिरवून घेतल्याशिवाय त्यात ताक, चिंच किंवा आमटी ठेवू नये. उजेडात उलटे धरले, तर बुडाची भोके आणि झाळकाम दोन्ही दिसते.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत बनलेला प्रभाकर कंदील सापडला, तर तो सोडू नये. त्या काळच्या स्वदेशी उद्योगाचा तो एक देखणा अवशेष आहे. त्याची मूळ काच क्वचितच शाबूत असते. सांगाडा सरळ आहे ना, वात वर-खाली करणारी चावी फिरते ना आणि टाकी गळत नाही ना, एवढे पाहावे. टाकीत थोडे पाणी ओतून पाहू देण्यास खरा विक्रेता हरकत घेत नाही.

भिंतीवर लावण्यासाठी जुनी देवदेवतांची चित्रे शोधणाऱ्यांनी भिंगाचा उपयोग अवश्य करावा. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तिथली चित्रे दगडावरून छापलेली असल्यामुळे भिंगाखाली रंगांचे कण वेडेवाकडे आणि विखुरलेले दिसतात. आजच्या छपाईत तेच रंग एकसारख्या अंतराच्या, फुलासारख्या रचलेल्या ठिपक्यांनी बनलेले असतात. चित्र काचेच्या चौकटीत असेल, तर चौकट उघडण्याची गरज पडत नाही. भिंग काचेला टेकवले की पुरते.

काय घेऊ नये

जुना मोबाइल घेऊ नये. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही तो बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि "बाजारात मिळाला" हे उत्तर पोलीस चौकीत फार काळ टिकत नाही. हस्तिदंताची डबी, हरणाची शिंगे, वाघनखाचे लॉकेट यांच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. वस्तू आजोबांच्या काळची आहे या सबबीने व्यवहार कायदेशीर होत नाही.

त्याच साली झालेला पुरावस्तू कायदा परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना विशेष समजावून सांगावा लागतो. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, मूर्तींसारख्या काही वस्तूंची नोंदणी करावी लागते आणि पुरावस्तू विकायला परवाना लागतो. सुट्टीवर आलेल्या भाच्याने जुनी पितळी मूर्ती बॅगेत घालून न्यूजर्सीला नेण्याचा बेत केला, तेव्हा त्याला मी तिच्याऐवजी अडकित्ता घेऊन दिला. तोही हातातल्या सामानातून नेऊ देत नाहीत, हे आम्हांला विमानतळावर कळले.

विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा रेडिओ अवश्य घ्यावा, परंतु घरी आणल्याबरोबर प्लगमध्ये लावू नये. त्याची वायर कुजलेली असते आणि आतले सुटे भाग वर्षानुवर्षांत बिघडलेले असतात. जुन्या रेडिओंचा जाणकार दुरुस्तीवाला आधी गाठावा. बाजारातच एखादा भेटतो, कारण सुटे व्हॉल्व्ह शोधत तोही तिथेच हिंडत असतो.

परक्यांचे कौटुंबिक फोटो आणि पत्रे घ्यावीत की नाहीत, याबद्दल माझे मन अजून स्थिर नाही. रेडिओच्या परवान्याची तिकिटे लावलेली पुस्तिका, एसटीचे जुने तिकीट, किराणा दुकानाची वही मी आनंदाने घेतो. एकदा मात्र एका गठ्ठ्यातले "ती. बाबांना सा. न. वि. वि." असे सुरू होणारे पोस्टकार्ड वाचले, आणि दुसरे उलगडण्याचे धाडस झाले नाही. गठ्ठा तसाच बांधून परत ठेवला. विक्रेत्याने विचारले, "काय झालं, महाग वाटलं?"

घरी आणल्यावर

नाणी घासू नयेत. चिंच, राख किंवा टूथपेस्टने चकाकवलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांच्या लेखी तत्क्षणी खाली येते; कोमट पाण्यात बुडवून, टिपून, कोरडी करावीत आणि कागदी पाकिटात ठेवावीत. पितळेची भांडी मात्र वापरण्यासाठी असतात, तिथे चिंच खुशाल चालवावी, फक्त कोरलेल्या नावावर जोर देऊ नये. लाकडी वस्तू घरात घेण्यापूर्वी दोन दिवस उन्हात ठेवून तिच्याखाली कागद पसरावा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली, तर आत कीड जिवंत आहे आणि वस्तू सज्ज्यातच राहू द्यावी. कोणत्या वारी, कुणाकडून, केवढ्याला आणि काय बोलणे झाले, याची एक वही ठेवावी. भाव विसरला तरी चालतो, बोलणे विसरले की वस्तू मुकी होते.

वस्तूविषयी घरी काही नवे कळले, तर ते पुढच्या खेपेस विक्रेत्याला जाऊन सांगावे. जास्त किमतीची निघाली तर तो नाराज होईल, अशी भीती वाटते. प्रत्यक्षात त्याला त्यातही रस असतो आणि पुढच्या वेळी तो तसलेच काही बाजूला काढून ठेवतो. किल्ल्यावाल्या गृहस्थांकडून मी शेवटी पाच रुपयांना एक लहानशी पितळी किल्ली घेतली होती. पलीकडच्या रांगेत जाऊन सतरा कुलपांना लावून पाहिली आणि एकही उघडले नाही. तसे त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती किल्ली माझ्या हातातून घेतली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "ही कुलपाची नाहीच. घड्याळाच्या चावीची आहे. बुधवारी या, घड्याळवाला बुधवारी बसतो."